फोनवरची मीटिंग ही मीटिंगच असते

महोदय,

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या आठवड्यात एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं. दारू सोडलेल्या माणसांनी घरबसल्या फोनवर मीटिंगा करणं ही स्वतःची फसवणूक आहे, चार माणसांत जाऊन समोरासमोर बोलल्याशिवाय या रोगावर उतारा नाही, असा त्यांचा मुद्दा. पत्र कळकळीने लिहिलेलं होतं आणि त्यातलं निम्मं मला मान्य आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हे लिहितो आहे. पत्र जरा लांबेल. कापायची वेळ आलीच तर माझ्या जहाजावरच्या गोष्टी खुशाल कापा, पण शरीराबद्दलचा आणि औषधांबद्दलचा मजकूर तेवढा राहू द्या.

मी मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर मदतीच्या संघटनेचा सभासद आहे. बरीच वर्षं दारूला स्पर्श केलेला नाही, आणि त्या वर्षांतल्या माझ्या बहुतेक मीटिंगा इअरफोन कानात घालून, केबिनचं दार लावून झालेल्या आहेत. नाव देत नाही, पण ते लाजेखातर नव्हे. वृत्तपत्रं, रेडिओ, चित्रपट यांच्या पातळीवर सभासदाने आपलं नाव पुढे करू नये, अशी आमच्या बारा परंपरांतली अकरावी परंपरा आहे. उद्या मी घसरलो तर माझ्याबरोबर संघटनेचं नाव खाली येऊ नये, एवढा सरळ व्यवहार त्यात आहे आणि तो मला पटतो.

आधी त्या वाचकांचं जे बरोबर आहे ते. दारू बंद करणं आणि बंद केलेली टिकवणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. पहिलं काम फोनवर सोपवू नये. रोज सकाळपासून पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूच्या गुंगीविरुद्ध सतत जोर लावायला शिकलेला असतो. दारू अचानक काढून घेतली की तो जोर मोकाट सुटतो. साधारण सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम येतो, पोटात काही ठरत नाही, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम सुरू होऊ शकतो: नसलेली माणसं दिसतात, आवाज ऐकू येतात, ताप चढतो, छातीत धडधडतं. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास माणूस त्यात दगावू शकतो. डॉक्टर त्या दिवसांत शांत करणारी औषधं मोजून देतात, बी-१ म्हणजे थायमिनची इंजेक्शनं देतात, कारण ते जीवनसत्त्व कमी पडलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. 'मनाचा निश्चय केला आणि आजपासून बंद' हे ऐकायला बाणेदार वाटतं. रोज बाटली रिकामी करणाऱ्याने हा बाणेदारपणा डॉक्टरच्या देखरेखीखालीच करावा.

आमच्या ऑनलाइन मीटिंगला एकदा एक नवा माणूस आला. त्याने पाण्याचा ग्लास उचलला तेव्हा तो हातात हलताना सगळ्यांना दिसला. आदल्या रात्रीपासून पूर्ण बंद केली आहे, असं अभिमानाने सांगत होता. मीटिंग चेअर करणाऱ्या बाईंनी शेअरिंग, म्हणजे एकेकाने आपला अनुभव सांगणं, तिथेच थांबवलं. घरात आत्ता कोण आहे, शेजारच्या खोलीत कोण आहे, अशी चौकशी करून त्याच्या भावाला फोनवर बोलावून घेतलं आणि आत्ताच्या आत्ता रुग्णालयात न्या म्हणून सांगितलं. दाखल केल्याचा मेसेज येईपर्यंत आमच्यातले दोघं त्या भावाशी बोलत होते. त्या संध्याकाळी प्रार्थनाही राहून गेली. फोनवरच्या मीटिंगने पहिल्या टप्प्यात काय करावं याचं उदाहरण म्हणून मी हे सांगतो: स्वतः वैद्य होऊ नये, योग्य दारापर्यंत पोहोचवावं.

आता दुसरं काम. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेला माणूस शुद्धीवर असतो, वजन थोडं वाढलेलं असतं, घरचे आनंदात असतात. मग पुढची वर्षानुवर्षं त्याला रोज संध्याकाळ काढायची असते, आणि तिथे कोणी डॉक्टर नसतो. ए.ए.च्या मीटिंगा नेमक्या याच जागेसाठी आहेत. पण त्या जिथे असतात तिथे माणूस असायला हवा. मी सहा-सात महिने सलग समुद्रावर असतो. केंद्रातून सुटल्यावर 'नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करा' हा नेहमीचा सल्ला मलाही मिळाला होता. तो देणाऱ्या सज्जन गृहस्थांना जहाज किती दिवस बंदराला लागत नाही याची कल्पना नव्हती, त्याला त्यांचा इलाज नाही.

पत्रलेखकांना वाटतं तशी ही दुरून आधार देण्याची पद्धत मोबाइलबरोबर जन्मलेली नाही. ए.ए.ची सुरुवातच एका टेलिफोनपासून आहे. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन नावाचा शेअरबाजाराशी संबंधित माणूस धंद्याचा एक डाव फसल्यामुळे हॉटेलच्या लॉबीत अडकून पडला होता. काही महिन्यांपासून दारू बंद होती, खिशात पैसे जवळजवळ नव्हते, आणि लॉबीच्या एका टोकाला बार होता. तो बारकडे न जाता टेलिफोनकडे गेला आणि तिथे लावलेल्या यादीतल्या चर्चना फोन करत सुटला: मला एखाद्या पिणाऱ्या माणसाशी बोलायचं आहे, कोणी आहे का? त्या फोनाफोनीतून त्याची गाठ डॉक्टर रॉबर्ट स्मिथ या सर्जनशी पडली. डॉक्टरसाहेब पंधरा मिनिटं बसायचं ठरवून आले होते, रात्री अकरा वाजून गेले तरी बोलणं चालू होतं. १० जून १९३५ हा डॉक्टरांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस संघटनेचा स्थापना दिवस मानला जातो. पुढचं बोलणं समोरासमोर झालं हे खरं. पण त्या लॉबीत त्या दुपारी बिल विल्सनला बारपासून दूर ठेवलं ते टेलिफोनने, हे आम्ही दूरवरचे सभासद जरा जास्तच आवडीने सांगतो.

पुढे जिथे मीटिंग नाही अशा ठिकाणी राहणाऱ्या सभासदांना संघटनेत 'लोनर' म्हणू लागले आणि जहाजांवरच्यांना 'इंटरनॅशनलिस्ट'. न्यूयॉर्कच्या कार्यालयातून त्यांची पत्रं एकत्र करून दर दोन महिन्यांनी एक गोपनीय पत्रिका त्यांनाच पाठवली जाई. तीच त्यांची मीटिंग. माझ्या ओळखीचे एक निवृत्त कॅप्टन आहेत. बंदरात एजंट बोटीवर टपालाची पिशवी घेऊन यायचा तेव्हा मंडळी घरची पत्रं शोधायची, हे आधी तो जाड लिफाफा शोधायचे. आतली पत्रं कित्येक आठवड्यांपूर्वी लिहिलेली असत. कोणी तरी कुठल्या तरी दीपगृहाजवळ किंवा खाणीच्या वस्तीत बसून आपली संध्याकाळ कशी निभावली ते लिहिलेलं असे, आणि ते वाचून कॅप्टनांची त्या रात्रीची संध्याकाळ निभावत असे. अनेक आठवडे जुनं पत्र जर काम करत असेल, तर आत्ता, याच मिनिटाला बोलणारा जिवंत आवाज काम करणार नाही असं का धरून चालायचं?

जहाजावर दारूबाबत नियम कडक आहेत. एस.टी.सी.डब्ल्यू. या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे रक्तात ०.०५ टक्के किंवा श्वासात लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅम यापेक्षा जास्त अल्कोहोल चालत नाही, आणि अनेक कंपन्यांचा नियम त्याहून सरळ आहे: अजिबात नाही. अचानक तपासणी होते, नळीत फुंकावं लागतं. त्यामुळे बाहेरच्यांना वाटतं की समुद्रावर दारू सोडणं सोपं असेल. पण तिथे न पिणं आणि दारूपासून मोकळं असणं यात फरक आहे. नियमाच्या भीतीने मी पूर्वीही महिनोन् महिने कोरडा राहिलेलो आहे, आणि साइन ऑफ होऊन विमानात बसेपर्यंतसुद्धा तो कोरडेपणा टिकलेला नाही. सहा महिन्यांचा पगार हातात, वेळ मोकळा, डोक्यावर तपासणी नाही. आमच्या धंद्यात खरी परीक्षा उतरल्यावर असते. म्हणून मला अशी मीटिंग हवी होती जी जहाजावर, बंदरात, विमानतळावर आणि घरी तीच राहील, तीच माणसं असतील. हे फक्त ऑनलाइनमध्ये शक्य आहे. समोरासमोरचा गट कितीही चांगला असला तरी मी गँगवे चढलो की तो किनाऱ्यावर राहतो.

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते पत्रलेखकांनी पाहिलेलं नसावं, म्हणून थोडं तपशिलात सांगतो. ठरलेल्या वेळेला सगळे जोडले जातात. नुसतं पहिलं नाव. कॅमेरा ज्याच्या त्याच्या मर्जीवर. त्या दिवशीचा चेअर प्रस्तावना वाचतो, मग ए.ए.च्या कार्यक्रमातल्या बारा पायऱ्यांपैकी एखादीवर किंवा दुसऱ्या विषयावर शेअरिंग सुरू होतं. प्रत्येकाला तीन-चार मिनिटं. एक जण घड्याळ सांभाळतो. कोणी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, आणि बोलून झाल्यावर त्याला सल्लाही द्यायचा नाही. 'तू असं करायला हवं होतंस' हे वाक्य तिथे चालत नाही. घरी-दारी रात्रंदिवस तेच ऐकलेल्या माणसाला हा नियम किती मोठा दिलासा असतो, हे अनुभवल्याशिवाय कळणार नाही. शेवटी प्रार्थना. पण माझ्या मते खरी मीटिंग त्यानंतर सुरू होते. अधिकृत वेळ संपल्यावर चार-सहा जण रेंगाळतात, कोणी नवीन असेल तर त्याचा नंबर मागून घेतात, कालच्या मीटिंगला कोण नव्हतं याची चौकशी होते.

माझ्या अडचणी वेगळ्या. उपग्रहावरून येणारं इंटरनेट बारीक असतं, तेव्हा व्हिडिओ बंद, नुसता आवाज. कधी तोही तुटतो आणि एखाद्याच्या शेअरिंगचा ऐन शेवट हरवतो. पश्चिमेकडे जाताना जहाजाची घड्याळं मागे घेतात, पूर्वेकडे जाताना पुढे, त्यामुळे आठवड्यापूर्वी रात्रीच्या जेवणानंतर असलेली मीटिंग हळूहळू सरकत भर कामाच्या वेळेवर येते. मग मी दुसऱ्या गोलार्धातल्या एखाद्या गटात जातो. जगात कुठे ना कुठे संध्याकाळ झालेलीच असते. आणि मशीनचा अलार्म वाजला की 'माफ करा, निघतो' एवढं टाइप करून पळायचं. डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या सागरी कामगार कराराच्या दुरुस्तीत जहाजमालकाने शक्य तितका इंटरनेट संपर्क खलाशांना द्यावा असं आलं आहे. घरी बोलता यावं हा त्यामागचा हेतू. माझ्यासारख्यांचंही त्यात भलं झालं.

तलफ मीटिंगची वेळ बघून येत नाही, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. अ‍ॅलन मारलॅट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पुन्हा घसरण्यावर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या पद्धतीत तलफेशी झोंबी घ्यायची नसते. ती शरीरात कुठे जाणवते, घशात की पोटात, वाढते आहे की कमी होते आहे, ते नुसतं बघायचं. खतपाणी घातलं नाही तर ती बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत उतरते. हे वाचायला सोपं आहे. तो अर्धा तास एकट्याने बसणं सोपं नाही. मी गटावर फक्त 'आहे का कोणी' असं लिहितो, आणि कुठल्या तरी देशात जागा असलेला कोणी तरी लिहितो, 'आहे. जेवलास का?' हा प्रश्न वेडगळ वाटेल, पण आमच्याकडे तो पहिला विचारतात. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांपैकी काय आहे ते आधी शोधायचं. इंजिनरूममध्ये बारा तास काढलेल्या माणसाला बऱ्याचदा दारू नको असते, झोप हवी असते.

ऑनलाइनचा आणखी एक फायदा म्हणजे निवड करता येते. ए.ए.मध्ये उच्चशक्तीचा, आपल्या आकलनातल्या देवाचा उल्लेख वारंवार येतो. मला त्याने त्रास होत नाही, पण आमच्या थर्ड इंजिनिअरला होत असे, आणि तो पहिल्याच मीटिंगमधून उठून गेला. त्याला मी स्मार्ट रिकव्हरीचं नाव सांगितलं. १९९४ पासून चालू असलेली ही संस्था देवाऐवजी विचार बदलण्याच्या तंत्रांवर भर देते. कागदाचे चार भाग करून पिण्याचे आणि न पिण्याचे फायदे-तोटे लिहायचे, तलफ कधी, कुठे, किती जोरात आली याची नोंद ठेवायची, असा त्यांचा बाज. त्याला ते एकदम जमलं. बायकांसाठी 'विमेन फॉर सोब्रायटी' १९७५ पासून आहे. सगळे पुरुष बसलेल्या हॉलमध्ये एखाद्या बाईने शिरणं आणि आपल्याला दारूचं व्यसन आहे असं म्हणणं किती अवघड असेल, याचा विचार समोरासमोरच्या बैठकीचा आग्रह धरणाऱ्यांनी जरूर करावा. माझी पत्नी पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी असलेल्या अल-अ‍ॅनॉनच्या ऑनलाइन मीटिंगला बसते. तिथे ती काय बोलते ते मी विचारत नाही, हा आमच्यातला करार आहे आणि तो उत्तम चालला आहे.

पुरावा काय, असं पत्रलेखक विचारतील. वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं एकत्र घेऊन आढावा काढला. पद्धतशीरपणे बारा पायऱ्यांकडे वळवलेल्या लोकांपैकी वर्षानंतर ४२ टक्के पूर्ण कोरडे होते, इतर उपचार घेतलेल्यांपैकी ३५ टक्के. पण हा अभ्यास समोरासमोरच्या मीटिंगांचा होता, तेव्हा त्याचं श्रेय मी फोनला देणार नाही. फोनबद्दलचा एक चांगला प्रयोग अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डेव्हिड गुस्ताफसन यांच्या गटाचा आहे, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निवासी उपचार संपवून घरी निघालेल्या ३४९ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांबरोबर एक खास अ‍ॅप असलेला फोन आठ महिन्यांसाठी दिला. त्यात समुपदेशकाशी आणि एकमेकांशी बोलण्याची सोय होती, तातडीच्या मदतीचं एक बटण होतं, आणि पूर्वी जिथे पीत असू त्या जागेजवळ गेलं की फोन सावध करत असे. वर्षभर केलेल्या चौकशांत, फोन मिळालेल्यांनी मागच्या तीस दिवसांत सरासरी १.३९ दिवस धोकादायक प्रमाणात प्यायल्याचं सांगितलं, बाकीच्यांनी २.७५ दिवस. म्हणजे जवळजवळ निम्मं. चमत्कार नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. आणि लक्षात घ्या, त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला माणसं होती.

इथेच माझं त्या वाचकांशी नव्हे, तर ऑनलाइनच्या भक्तांशी भांडण सुरू होतं. दिवस मोजणारी अ‍ॅप्स हजारोंनी उतरवली जातात. मोठा आकडा, पदक, अभिनंदनाचे फुगे. आमच्या इंजिनला रनिंग अवर्सचा काउंटर असतो. मशीन किती तास चाललं ते तो सांगतो, बेअरिंग कसं आहे ते उघडून बघावं लागतं. शिवाय एक पेला गेला की अ‍ॅप पुन्हा शून्यावर येतं, आणि ते शून्य बघून माणूस म्हणतो, गेलंच सगळं, आता पूर्ण बाटली. एका चुकीतून सर्वस्व गमावल्याची ही भावनाच घसरण लांबवते, हेही मारलॅट यांनीच दाखवून दिलेलं आहे. आमच्या गटात एखादा घसरून परत आला तर त्याला पहिल्यांदा बोलायला देतात. एवढी समज काउंटरला नसते.

दुसरं, नुसतं ऐकत बसणं. कॅमेरा बंद, माइक बंद, नाव म्हणून 'आयफोन', आणि त्याच वेळी हातात दुसरंच काही. नव्या माणसाने काही आठवडे असं बसावं, त्याला घाई करू नये. पण वर्षभर कोणालाच आपण ठाऊक नाही अशी उपस्थिती काय कामाची? मी गट निवडताना एकच गोष्ट बघतो: मी दोन वेळा आलो नाही तर कोणाच्या लक्षात येईल का, आणि लक्षात आलं तर तो फोन करेल का. हे नसेल तर हजार माणसांची मीटिंगही माझ्या उपयोगाची नाही. असेल तर सहा जणांची पुरते.

तिसरं, माहितीचा बाजार. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दारूच्या व्यसनावर ऑनलाइन उपचार देणाऱ्या एका कंपनीवर कारवाई केली. गुप्ततेचं वचन देऊन गोळा केलेली रुग्णांची माहिती तिने जाहिरात कंपन्यांकडे पोहोचवली होती. परस्परांना मदत करणाऱ्या गटांत सहसा फी नसते. ए.ए.त तर सभासद होण्याची अट पिणं थांबवण्याच्या इच्छेपलीकडे काहीच नाही, आणि खर्च ऐच्छिक वर्गणीतून भागतो. जिथे आधी कार्डाचा नंबर, जन्मतारीख आणि संपर्क यादीची परवानगी मागतात, तिथे थोडं थांबून चौकशी करावी. टोपणनाव आणि निराळा ईमेल पत्ता वापरला तर मदत करणाऱ्याचं काहीच अडत नाही. २०२० च्या साथीत सगळ्या मीटिंगा एका रात्रीत झूमवर आल्या तेव्हा टवाळ लोक घुसून दारूचे ग्लास कॅमेऱ्यासमोर नाचवत, शिव्या देत. तेव्हापासून बहुतेक गटांत दारावर एक माणूस असतो, जो एकेकाला बघून आत घेतो. नव्याने जाणाऱ्याने या थांबण्याला घाबरू नये.

आणि शेवटचं, औषधं, जी कृपया कापू नका. ऑनलाइन गटांत अधूनमधून एखादा उत्साही जुना सभासद सांगतो की गोळ्या घेणं म्हणजे खरी सोब्रायटी, खरी दारूमुक्ती, नव्हे. हे साफ चूक आणि धोक्याचं आहे. नाल्ट्रेक्सोनला अमेरिकेत दारूच्या व्यसनासाठी १९९४ मध्ये मान्यता मिळाली, अ‍ॅकॅम्प्रोसेटला २००४ मध्ये. अनेकांना त्यांनी ओढ कमी होते. डायसल्फिराम त्याहून जुनं, पण ते घेत असताना दारू घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ते रुग्णाला माहीत असताना आणि डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्यायचं असतं, घरच्यांनी गुपचूप खाण्यात घालायचं नसतं. नैराश्याची किंवा फिटची औषधं तर कोणा सभासदाच्या सांगण्यावरून कधीच बंद करू नयेत. ए.ए.ची स्वतःची पत्रकंसुद्धा सभासदांनी डॉक्टरकी करू नये असंच सांगतात. कोणी तशी डॉक्टरकी करताना दिसला तर त्याच्याशी वाद न घालता गट बदलावा. ऑनलाइनमध्ये गट बदलायला एक मिनिट लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये दारूमुळे जगभरात २६ लाख माणसं मेली. एवढ्या मोठ्या आजाराला चालत जाण्याच्या अंतरावर पुरतील इतकी केंद्रं, इतके समुपदेशक कुठेच नाहीत. हॉलमधली मीटिंग ज्याला मिळते त्याने तिथेच जावं. मीही रजेवर असताना जातो, आणि खुर्च्या लावायला लवकर जातो, कारण ते काम फोनवर करता येत नाही. पण ज्याला ती मिळत नाही, रात्रपाळीवाल्याला, अंथरुणाला खिळलेल्या आईला सोडून निघू न शकणाऱ्याला, ओळखीचं कोणी बघेल म्हणून हॉलच्या पायरीवरून परतणाऱ्याला, 'तुझी मीटिंग खोटी' असं छापील शब्दांत सांगणं मला बरं वाटलं नाही.

त्या ज्येष्ठ वाचकांना एक विनंती पोहोचवावी. आमच्या काही मीटिंगा 'ओपन' असतात. तिथे व्यसन नसलेल्यालाही बसता येतं, नाव सांगावं लागत नाही, काही बोलायलाही लागत नाही. त्यांनी एकदा तासभर बसावं. आपण माझा ईमेल त्यांना दिलात तर मी जोडणी पाठवेन. येत्या पंधरवड्यात मी पुन्हा जहाजावर चढतो आहे, तेव्हा उत्तराला एखाद-दोन दिवस उशीर झाला तर रागावू नये.

आपला,
एक सेकंड इंजिनिअर
(नाव व पत्ता संपादकांकडे)